रेग्युलेटर परत कर

ता. ९, सोमवार, सकाळ

चि. साहेब यास,

अनेक आशीर्वाद. हात सवयीने लिहून गेला, आता राहू दे. इकडे मी ठीक आहे. सूनबाईची कंबर कशी आहे ते कळव. मी विचारलंय असं तिला सांग. तू विसरशील म्हणून पुन्हा लिहितो, तिला सांग.

फोन करत नाही, कारण फोनवर तू ‘बरं बाबा, बरं बाबा’ करतोस आणि दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत असतोस. पत्र निदान शेवटपर्यंत वाचावं लागेल.

आता मुद्द्याचं. तू माझ्या गॅसचा रेग्युलेटर काढून बॅगेत घालून घेऊन गेलास. चोरलास असं म्हणत नाही, माझ्या डोळ्यांदेखत नेलास. वर शेगडीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलीस, ‘वापरू नये’. तुझ्या कारखान्यात अपघात झालेल्या मशीनला बांधतात तशी. तिथे तू सुरक्षा अधिकारी आहेस, तिथे लोक तुला घाबरत असतील. माझ्या स्वयंपाकघरात तुझा हुद्दा चालत नाही. ती शेगडी या घरात तुझ्याआधी आलेली आहे.

शनिवारी तुझं पार्सल मिळालं. एक विजेची शेगडी, जी म्हणे आपोआप बंद होते. आणि अंड्याच्या आकाराचं प्लास्टिकचं घड्याळ, पिळलं की टिकटिकतं आणि वेळ झाली की किंचाळतं. उभा जन्म मी लोकांची घड्याळं दुरुस्त केली, त्यावर तू शिकलास, आणि मला वेळ कळावी म्हणून तू खेळणं पाठवतोस. मी ते उघडून पाहिलं. आतली स्प्रिंग टाकाऊ आहे. आता परत जोडणार नाही.

त्या दिवशी तू आलास तेव्हा वरच्या मजल्यावरची बाई खुर्चीवर चढून, फुटून छताला चिकटलेली अंडी झाडूने खरवडत होती. तिच्यासमोर तू म्हणालास, “बाबा, तुम्हाला आता भान राहत नाही. तुम्ही आमच्याकडे चला.” ती बिचारी खाली मान घालून झाडत राहिली. तिच्यादेखत माझी शोभा केलीस. आणि वर, “साधी अंडी उकडता येत नाहीत तुम्हाला.”

मला येत नाहीत? अंडी गार पाण्यात घालायची, चिमूटभर मीठ टाकायचं, उकळी आली की आच बारीक. उतरवली की लगेच गार पाण्यात. जाड टोकाकडून टिचकवायची आणि पाण्याखाली धरून सोलायची, साल अलगद सुटतं. पिवळं घट्ट, पण पिठूळ नाही, कडेला हिरवट वळं नाही. शाळेच्या डब्यात तू हीच अंडी नेलीस आणि डबा चाटूनपुसून आणलास.

हे सगळं तुझ्या आईने शिकवलं. एक गोष्ट सोडून, अंडी कधी उतरवायची; ती आमच्या दोघांची होती. आपल्या घरात घड्याळं खंडीभर, पण सगळी गिऱ्हाइकांची. एक पुढे, एक मागे, एक बंद. ती म्हणायची, “या घरात वेळ सोडून सगळं मिळतं.” मग तिने आपला नियम काढला. उकळी आली की आच बारीक करायची, “मी आंघोळ करून आले की उतरवा,” म्हणायची आणि बाथरूममध्ये शिरायची. मी खुर्चीत बसून बादलीचा आवाज ऐकायचो. कडी वाजली की गॅस बंद. कधी चुकलं नाही.

ती गेल्यापासून मी मनगटावरचं घड्याळ बघून अंडी उकडतो. एकदाही करपली नाहीत. वरच्या बाईला विचार.

मग त्या दिवशी काय झालं, ते तू विचारलंच नाहीस. “विसरलात ना?” म्हणालास आणि मी हो म्हणालो. विसरलेला म्हातारा सगळ्यांना पटतो, पुढे कुणी काही विचारत नाही.

मी विसरलो नव्हतो. सकाळी पाणी गेलं होतं, बाथरूमचा नळ माझ्याकडून उघडा राहिला होता. अंड्यांना उकळी आली, मी आच बारीक केली आणि आत पाणी आलं. बादलीत धार पडायला लागली. दार नुसतं लोटलेलं होतं. मी खुर्चीत बसलो. आत कुणी नाही, बादली भरून वाहतेय, सगळं मला कळत होतं. ती बाहेर येईल असं वाटण्याइतका खुळा मी झालेलो नाही. पण उठलो असतो तर नळ बंद करावा लागला असता, आणि मला तो आवाज हवा होता. पातेल्यातलं पाणी आटलं, तो वाससुद्धा आला. तरी बसून राहिलो. मग अंडी फुटली.

याला भान नसणं म्हणत असशील तर म्हण. पण तुला हे सांगणार कसं? ती गेल्यावर आठवड्याच्या आत तू तिचा टॉवेल, कंगवा, साबणाची डबी पिशवीत भरून देऊन टाकलीस. मला विचारलंही नाहीस. “पसारा आवरला,” म्हणालास. तो राग माझ्या मनात आहे आणि राहणार. तुझ्या घरी मी राहायला येणार नाही. तिथे तुम्ही मला काय काय ‘वापरू नये’ कराल, सांगता येत नाही.

नळ आता मी आठवणीने बंद करतो. तुझ्या विजेच्या शेगडीचं खोकं दाराशी ठेवलंय, येशील तेव्हा घेऊन जा.

रेग्युलेटर कुरियरने पाठवायचा नाही. नेलास तसा स्वतः आणून बसवायचा, आणि ती चिठ्ठी आपल्या हाताने सोडायची. सकाळी ये. आलास की मी अंडी ठेवीन, तू आंघोळीला जा. तुझी कावळ्याची आंघोळ मला माहीत आहे. त्या दिवशी जरा सावकाश कर, नाहीतर अंडी कच्ची राहतील.

तुझा,
भानावर असलेला बाप