मागच्या बाजूचा उतार

१२ एप्रिल

गळते! नवं कोरं छप्पर, अन् गळते! काल आभाळ नुसतं शिंकलं तर वरच्या खोलीतली गादी ओली.

जुने सिमेंटचे पत्रे काढून लोकेश मिस्त्रीनं निळे टिनाचे टाकले, त्याले आठवडाही झाला नाही. मी स्वतः शिडीनं वर चढली. पन्नाशी उलटलेली बाई, साडी खोचून! पाहते तर काय, पत्र्याच्या ज्या खोलगट भागातून पाणी वाहते, बरोब्बर तिथंच स्क्रू ठोकून ठेवलेले. ते उंचवट्यावर ठोकायचे असतात, हे मलेही समजते. काही स्क्रूंखाली तर रबरच नाही.

फोन लावला. म्हणतो, "दीदी, आपकी दीवार ही टेढ़ी है." नाचता येईना अन् अंगण वाकडं! फोनमध्ये हात घालून याचा गळा धरावा असं वाटलं.

१३ एप्रिल

आला एकदाचा. मी नळी लावून पत्र्यावर पाणी सोडलं. पाणी मागच्या नालीकडे जायले पाहिजे, तर सारं समोर, जिन्यावर! "देखो! देखो अपना काम!" त्याची कॉलर धरली अन् त्या धारेखाली उभा केला. शर्ट थोडा फाटला. तर हा हसतो! "हव दीदी, कर दूंगा ठीक."

याच्या 'हव'ले आग लागो. हे गेल्यापासून या रायपुरात मिस्त्री काय, प्लंबर काय, सारे मले दीदी-दीदी करून गुंडाळतात. यांच्यासमोर अशी हिंमत नसती झाली कोणाची.

१७ एप्रिल

विहीणबाईंचा फोन. "छप्पर गळून राहिलं म्हणे तुमचं? मंग देवश्रीले इकडंच, अभनपूरलेच राहू द्या नं बाळंतपणाले." आवाज काय गोड! साखरेत घोळलेला.

म्हणजे मले माझ्या पोरीचं पहिलं बाळंतपण करता येत नाही? एकुलती एक पोट्टी माझी. हे गेले. आता माझ्या हातून करण्यासारखं एवढंच तर राहिलं. नाही देणार. काही झालं तरी नाही. तिची खोली, तिचा पलंग. छप्पर बदललं ते कशासाठी? याच्यासाठीच नं?

फोन ठेवला अन् हातातली कपबशी भिंतीवर फेकली. बरं वाटलं. मग झाडू घेऊन बसली काचा गोळा करत.

२१ एप्रिल

देवश्री आली! सातवा लागला. पाय सुजले आहेत, पण तोंडावर काय तेज आहे पोरीच्या! भिंतीवरची ओल दिसू नये म्हणून मी तिथं कॅलेंडर लावलं होतं. तिनं आल्या आल्या तेच उचलून पाहिलं. "आई, हे काय?" मी म्हटलं, जुनं आहे.

जावई, राजस, सोडून गेले. गरीब स्वभाव. मराठी सारं समजते, उत्तर हिंदीत. मले मम्मी म्हणतात. सांगितलेलं काम कधी टाळत नाहीत. असा जावई मिळायले नशीब लागते.

२६ एप्रिल

आज ऑफिसातून लोकेशले झापलं. पूर्ण सेक्शन ऐकून राहिलं होतं. ऐको! म्हटलं, "बहुत हो गया तुम्हारा नाटक! पीछे उतार दो! आज के आज! समझे?"

"पीछे उतार दूं?"

"हां! कितने बार बोलूं? उतार दो पीछे!"

"हव दीदी."

पाहू आता.

२७ एप्रिल

मागचे पत्रे काढून ठेवले मेल्यानं! बाथरूम अन् गॅलरीवरचं आभाळ उघडं. काढलेले पत्रे समोरच्या पत्र्यांवर रचले, वरून विटा. बस. काम झालं म्हणे. देवश्रीले सांगून गेला, गावाले चाललो, अक्ती मनाकर आऊंगा.

म्हणजे आता त्याच्या गावात अक्षय्य तृतीयेले बाहुला-बाहुलीची लग्नं लागतील अन् माझं घर तोवर उघडं! ठीक आहे. उतार द्यायचा तर पत्रे काढावेच लागतील, एवढं समजते मले. पण आजच काढायचे होते?

देवश्रीले खाली झोपवलं.

३० एप्रिल

अक्ती. फोन बंद. दिवसभर लावला. बंद! बंद! बंद! मोबाईल आपटून स्क्रीनले तडा गेला.

२ मे

आजचं लिहून ठेवते.

दुपारी अंधड आलं. एकदम. धूळ इतकी की समोरचं घर दिसेना. मी खालच्या खिडक्या लावत होती. देवश्री दोरीवरचे कपडे काढाले वर गेली. नको म्हटलं होतं! ऐकते का? मग वर धाडधाड आवाज. विटा फरशीवर पडल्या. अन् पोरीची किंकाळी.

पळत गेली. पत्रा हवेत उलटापालटा होऊन राहिला होता, जिवंत असल्यासारखा. दुसरा गॅलरीच्या कठड्यावर आपटत होता. देवश्री कोपऱ्यात, पोट दोन्ही हातांनी झाकून. डाव्या खांद्यापासून कोपरापर्यंत चिरलेली. रक्त, माय वो, केवढं रक्त! माझ्या साडीनं बांधलं तर साडी भिजली.

दवाखान्यात टाके घातले. डॉक्टरीणबाईंनी पोटावर मशीन लावलं. आवाज येईपर्यंत मी काय काय नवस बोलली, देवाले माहीत. आला आवाज. टकटक टकटक. बाळ ठीक आहे. पत्रा वीतभर इकडे आला असता तर? मले विचारच करवत नाही.

राजस धावत आले. विहीणबाई सोबत. देवश्रीची पट्टी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. अन् माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर ओरडली, "त्या लोकेशचे हात तोडून टाका! ज्या हातांनं माझ्या पोरीच्या डोक्यावर हे मरण ठेवलं, ते हात राहिले नाही पाहिजेत त्याले!" नर्स मले धरून राहिली होती. राजस पांढरेफटक पडले होते. हळूच म्हणाले, "जी मम्मी."

४ मे

लोकेश आला. हातात पिशवी. गावाकडचा सणाचा फराळ, ठेठरी-खुरमी, आणला म्हणे, दीदीसाठी!

पिशवी हिसकली अन् फाटकाबाहेर फेकली. चप्पल काढली. तोंडावर, पाठीवर, जिथं लागेल तिथं. शेजारपाजारचे गच्चीवर आले. आतून देवश्री ओरडून राहिली, "आई, बस कर! आई!" तो नुसते हात आडवे धरत होता. मग रडकुंडीला येऊन म्हणाला, "दीदी, आप ही तो बोले थे! पीछे उतार दो, उतार दो! तो उतार दिए! मैं सोचा दूसरा मिस्त्री लगाओगे. ईंटा भी रख दिए थे."

चप्पल वरच राहिली.

उतार.

मी बोलली होती पाण्याचा उतार. इकडं त्याले ढाल म्हणतात. ढलान म्हणतात. एवढी वर्षं रायपुरात काढली, बाजार केला, नोकरी केली, भांडणं केली, सारं हिंदीत. अन् राग आला की माझी हिंदी मराठीच होते! त्यानं ऐकलं, काढून टाका. मी सांगितलं अन् त्यानं केलं. विचारलंही होतं बिचाऱ्यानं, "उतार दूं?"

सारं समजलं मले. अन् समजल्यावर अजून एक हाणली. जोरात. त्याच्या ओठातून रक्त आलं.

काहून मारली? मलेच माहीत नाही. सारी कॉलनी पाहून राहिली होती, मग काय म्हणायचं होतं? चूक माझी?

५ मे

देवश्रीले ताप नाही. जखम सुकून राहिली. बाळ लाथा मारते म्हणे, चांगलं आहे.

राजसचा फोन आला होता. तेव्हाच सांगणार होती उताराचं. तोंडापर्यंत आलं. पण मागून विहीणबाईंचा आवाज ऐकू आला, अन् गिळलं. त्यांना समजलं तर पोरीले आजच घेऊन जातील. 'आईनंच सांगितलं होतं पत्रे काढाले', जन्मभर ऐकावं लागेल. अन् लोकेश काय धुतल्या तांदळाचा आहे? स्क्रू कोणी चुकवले? विटा ठेवून गावाले कोण गेलं? मी?

राजस म्हणाले, "मम्मी, आप टेंशन मत लो. मैं देख लूंगा." मी म्हटलं, हव.

उद्या येणार आहेत देवश्रीले पाहाले. एकटे असले की सांगीन. उद्या नक्की.

६ मे

राजस आले. आत नाही आले, अंगणातल्या नळावर हात धूत राहिले, किती वेळ. मी टॉवेल घेऊन गेली. बाह्यांवर रक्त.

"मम्मी, हो गया."

"काय झालं?"

"लोकेश का. आपने बोला था ना, दवाखाने में." टॉवेल घेतला. बोटं एक एक करून पुसली. "कौन सा हाथ, वो आप नहीं बोले थे. तो दोनों."