शेवटच्या मोराचे वीस दिवस

चिरंजीव शमशुद्दीनला कोल्हापुराहून अम्माचा दुवा.

मी ठणठणीत आहे. सरदारांचे कारकून हे लिहून घेतात; माझ्या शिव्या ते गाळतील, तू मनानं भर. येवल्यात प्लेग आला म्हणतात. माझ्या नातीचा, मेहमुदाचा ताप उतरला का? खरं कळव.

डोळे दुखतात म्हणून काम लांबलं, असं मी कळवलं होतं. ते खोटं. जुन्या पैठणीचे मोर बघून नवी विणायची, मग जुनी जाळून जरीची चांदी काढायची, असं इथं ठरलं होतं. ती जुनी तुझ्या अब्बांनी विणलेली, उलटी बाजू पाहताच मी ओळखली. ते गेल्यावर त्यांच्या हातचं आपल्याकडे काही उरलं नाही. विणकराच्या घरी राहतं कुठं? म्हणून शेवटच्या मोराला मी वीस दिवस लावले. सरदारांच्या बाईसाहेब म्हणाल्या, "म्हातारे, मोर विणतीस का अंडं उबवतीस?" मी म्हटलं, "मोर अंडं घालत नाही, बाईसाहेब."

काल मोर पुरा झाला. जुनी परसात जाळली. रेशीम गेलं, जरीचे धागे क्षणभर तसेच अंथरलेले राहिले, आणि रेशमी मोरांच्या जागी मोरांएवढी भोकं. मी हात लावला, तर सगळं मोडून पडलं.

सोमवारी निघते. स्टेशनावर येऊ नकोस, पोरीजवळ थांब.

उजवा अंगठा भाजलाय, म्हणून खाली डाव्याचा ठसा आहे.

तुझी अम्मा,
बिबीजान