सहा वाजताचा आवाज

सोमवार, ३ मार्च. सकाळी ६.०२
ह्यांनी सहा वाजल्याचं सांगितलं, प्रसारण सुरू होत असल्याचं सांगितलं. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली, पण एका दिवसाचा खाडा नाही. सरकारी रेडिओनं अजून ह्यांचीच टेप ठेवली आहे. निवेदकाची किंमत असते ती अशी. शेजारीण म्हणते, कसली किंमत, दुसरी टेप घ्यायला त्यांच्याकडे पैसे नाहीत. तिला मत्सर. तिचे हे हयात असून बोलत नाहीत.

गुरुवार, ६ मार्च
पेपर जाहिरातींसकट वाचला. सरकार रेडिओचं अनुदान वाढवणार. अट अशी की मंत्र्यांचं भाषण रोज लावायचं आणि जुने आवाज बंद करायचे. ह्यांचे मित्र, रेडिओतले तंत्रज्ञ भाऊजी, येऊन गेले. वहिनी, मन घट्ट करा, म्हणाले. मी म्हटलं, चहा घ्या.
संचालकांना पत्र टाकलं. तीन पानं. कडक, पण शुद्ध.

गुरुवार, १३ मार्च
उत्तर नाही. ठराव: उत्तर येईपर्यंत रेडिओ बंद. ऐकणारेच नसतील तर मंत्री बोलणार कुणाशी? रेडिओवर फडकं घातलं. शेजारणीनं विचारलं, संप केलात, पण मालकाला कळवलंत का? कळवायचं कशाला? जाणवेल त्यांना.

शुक्रवार, १४ मार्च. ६.१०
शेजारणीचा रेडिओ भिंतीतून येतो. ह्यांचं ‘सहा’ तेवढं कानावर पडलं. ते धरायचं नाही. उद्यापासून कानात कापूस.

मंगळवार, १८ मार्च
चार दिवस कडकडीत पाळले. तिकडे धावपळ उडाली असणार. जीव कासावीस होतो, पण हे ह्यांच्यासाठीच चाललंय. आणखी आठवडाभर ताणलं की संचालक स्वतः येतील.

गुरुवार, २० मार्च. संध्याकाळ
काल रात्री हुकूम आला म्हणे. आजची सकाळ शेवटची होती. भाऊजींनी पहाटे दोनदा फोन केला. मग शेजारणीला केला. ती दार बडवत राहिली. माझ्या कानात कापूस.
रोज सूचना संपली की टेप थांबवतात. आज भाऊजींनी नोकरीची पर्वा न करता ती पुढे चालू ठेवली. टेपवर सूचना वाचून झाल्यावर हे भाऊजींना विचारत होते, जमलं का रे? घरी ही कान लावून बसली असेल, चुकलो तर जेवायला वाढायची नाही.
सगळ्या शहरानं ऐकलं. शेजारीण सांगताना रडली.
टेप मागायला गेले. तिच्यावर दुपारीच मंत्र्यांचं भाषण भरलं होतं. नव्या टेपांचे पैसे अजून यायचे आहेत.

शुक्रवार, २१ मार्च
भाऊजींना म्हटलं, जसंच्या तसं बोलून दाखवा. दोनदा बोलले बिचारे. शब्द सगळे बरोबर होते.

शनिवार, २२ मार्च. सकाळी ६
फडकं काढलं. नवी मुलगी आहे. उच्चार स्वच्छ. तिनं सहा वाजल्याचं सांगितलं. मी उठून घड्याळाशी ताडून बघितलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच.
सहाच वाजले होते.