बिनपंख्याचा कंप्युटर

गुडीहत्नूर
६ एप्रिल २०२५

चि. गंधार,

भार्गवदादाचा आशीर्वाद. आमी बरे आहोत. मावशीच्या गुडघ्याला आता आराम आहे. ऊन बेचाळीसवर गेलं.

तुझ्या सत्काराला काऊन आलो नाही, विचारलंस. ताप आहे म्हणून कळवलं होतं, पण ताप नव्हता मला, यायचंच नव्हतं. मावशीनं आपल्या लेकाचं, तुझं भाषण मोबाईलवर दाखवलं तवा कळलं तू काय बोललास ते. तुमची कंपनी वर्षानुवर्षं दुसऱ्याचे प्रोसेसर घ्यायची, ते तापायचे, वर उशिरा मिळायचे. म्हणून आधी फोनसाठी स्वतःचा काढला, तो जमला तवा कंप्युटरसाठी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या पोटात दुखलं.

पॉलिटेक्निकच्या सुट्टीत तू माझ्या दुकानात बसायचास. कापसाच्या जिनिंगमधले कंप्युटर पंख्यात रुई भरून बंद पडायचे, मी ब्रशनं साफ करायचो. अजूनही त्यावरच घर चालतं. मीच म्हटलं होतं तुला, "पंखे किती पुसायचे? तापणारच नाही असा प्रोसेसर कोणी काऊन बनवत नाही?" भाषणात वामनराव मास्तरांचं नाव आलं. माझं नाही.

आता खरं सांगतो. जिनिंगमध्ये ठेवून तपासायला तू तो नवा कंप्युटर पाठवलास. म्हणालास, "दादा, इथल्या बाजारात विकायचा की नाही, ते तुझ्या अहवालावर ठरेल." मी सोमवारी लिहून पाठवलं, दोनदा बंद पडला.

एकदाही पडला नाही. बारा दिवस चालून राह्यला. रुई उडते तिथंच ठेवला, वरून पोतं टाकलं, तरी चालला. शेवटी उघडला, पंखा कुठं आहे ते पाहायला. पंखाच नव्हता. हातात ब्रश होता, पुसायला काहीच नव्हतं.

काल मावशी सांगत होती, तुझं काम अडलं आहे. तुझे साहेब दुसरीकडं तपासू म्हणत होते, तर तूच म्हणालास, "दादानं लिहिलं म्हणजे माझंच काही चुकलं असेल." मला जेवण गेलं नाही.

खरा अहवाल सोबत जोडला आहे. हे पत्रही साहेबांना दाखव, मला लाज वाटली तरी चालेल. जळतो मी तुझ्यावर, आजही जळून राह्यलो. पण कंप्युटर पास आहे.

पुढच्या सत्कारात माझं नाव घेच असं नाही. या वेळी मात्र पहिल्या रांगेत बसीन.

खोटं लिहिलेला, तुझाच
भार्गवदादा