उंच पोरांची पारख

सर, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, तरी साडेसहा फुटांच्या वरचा कुणी दारातून वाकून आत आला की मी अजून आधी त्याच्या पायांकडे बघते. लोकांना वाटतं, बाई लाजाळू आहेत, मान वर करत नाहीत. आता माझी नोकरीच ही आहे. पुण्यात एका व्यावसायिक बास्केटबॉल संघात मी उंच खेळाडूंची प्रशिक्षक आहे. तुमच्या वेळी असलं काही नव्हतं. बास्केटबॉल खेळून पगार मिळायचा तो फौजेत नाहीतर एखाद्या सरकारी खात्यात, आणि तोही कारकुनाचा. आता लीग आहे, मोबाइलवर सामने दिसतात, आणि रिंगखाली उभं राहणाऱ्या वीस-बावीस वर्षांच्या पोरांना करार मिळतात. त्यातलं कोण पुढं जाईल आणि कुणाला घरी पाठवायचं, हे हंगाम संपला की मला लिहून द्यावं लागतं. कचेरीतून एक तक्ता येतो, त्यात ‘क्षमता : दहापैकी किती’ असा रकाना असतो. तुम्ही असता तर त्या कागदाची होडी करून गटारात सोडली असती.

मला जोखायला तुम्हाला कसला तक्ता लागला नव्हता. सांगलीच्या शाळेत मी नववीत होते, उंची पाच फूट अकरा, आणि आईला एकच घोर की हिला नवरा कुठून आणायचा. वर्गात मी मागच्या बाकावर पोक काढून बसायची. तुम्ही फौजेतून निवृत्त होऊन नुकतेच आमच्या शाळेत आला होतात, बोलणं अस्सल साताऱ्याकडचं. तुम्ही वर्गात शिरलात, टेबलावरचं डस्टर उचललंत आणि काही न बोलता माझ्याकडं भिरकावलंत. मी ते डाव्या हातानं झेललं. वर्ग हसला, माझ्या नाकातोंडात खडू गेला. “हात चांगलं हायती,” तुम्ही म्हणालात, “उद्यापास्नं सकाळी सहाला मैदानावर ये. उंचीचं काय कौतुक न्हाई, ती देवानं दिल्याली हाय. बाकीचं तुला करायचंय.” माझ्या उंचीबद्दल कुणीतरी माझी कीव न करता बोललं, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

आमचं घर जैन शेतकऱ्याचं. चातुर्मासात सूर्य मावळायच्या आत जेवायचं, आणि तुमचा संध्याकाळचा सराव चालायचा दिवेलागणीपर्यंत. आईनं दोन दिवस चालवून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी बास्केटबॉल बंद म्हणून जाहीर केलं. तुम्ही समजूत घालायला घरी आला नाहीत. दुसऱ्या दिवशी मी ते सांगायला मैदानावर आले, तर संध्याकाळी साडेपाचला तुम्ही शिट्टी मारलीत आणि मला एकटीला मैदानामागच्या तुमच्या क्वार्टरमध्ये पाठवलंत. मी पाटावर बसले आहे, समोर ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, वाटीत दही. कांदा नाही, लसूण नाही. काकूंनी त्यासाठी कढईसुद्धा वेगळी काढली आहे. तुम्ही पाणी प्यायला आत येता आणि कढईत डोकावता. “अगं, ह्यात लसूण न्हाई व्हय?” काकू वळूनही बघत नाहीत. “आवं, चार म्हैनं न्हाई. तुमाला पायजे आसंल तर तुमी करून घ्या.” तुम्ही माझ्याकडं बघून म्हणता, “खा गं बाई. तू वाढ आन् आमी वाळतो.” चार महिने तुम्ही लसणाशिवाय जेवलात आणि रोज एकदा तरी त्याबद्दल कुरकुर केलीत. इतकी मायेची कुरकुर मी नंतर कुणाकडून ऐकली नाही.

राग मात्र तुमचा वाईट. संघात शिराळ्याकडची एक मुलगी होती, माझ्यापेक्षाही दोन बोटं उंच, आणि तिच्या हातात काही म्हणता काही टिकायचं नाही. मी एकदा तोऱ्यात तुम्हाला म्हटलं, हिला काही येत नाही, हिला काढा. दुसऱ्या दिवसापासून महिनाभर मी एकदाही रिंगकडं चेंडू टाकायचा नाही, फक्त तिला पास द्यायचे, असा हुकूम निघाला. चौथ्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढलीत. “तिच्या हातातनं चेंडू सुटतोय, का तू सोडवतीस? ती बिचारी दोन हात वर करून हुबी हाय, आन् तू तिच्या गुडघ्यावर मारतीस. छातीवर दे की!” मी रडले, मनातल्या मनात तुम्हाला शिव्या दिल्या, पण महिन्याच्या शेवटी ती मुलगी चेंडू पकडून वळत होती आणि रिंगमध्ये टाकत होती. उंच खेळाडू दुसऱ्यानं दिलेल्या चेंडूवर जगतो. त्याला नावं ठेवायच्या आधी देणाऱ्याचे हात बघावे लागतात, हे मला तिथं कळलं.

मे महिन्यात तुम्ही आम्हाला साताऱ्याला घेऊन जायचात. अजिंक्यताऱ्यावर चढताना तुमचं आमच्याकडं लक्षही नसायचं, वाटेतल्या ओळखीच्या म्हाताऱ्यांशी गप्पा मारत यायचात. उतरताना मात्र सगळ्यांच्या आधी खाली जाऊन उभे राहायचात आणि एकेकाकडं बघत बसायचात. कोण पाय आडवा टाकतोय, कोण एकाच पायावर भार देतोय, कोण कठड्याला धरतोय. “चढताना समदीच वाघ असत्यात,” तुम्ही म्हणायचात, “उतरताना बघायचं.” बाकीचे प्रशिक्षक उडी किती उंच म्हणून फूटपट्टी लावायचे आणि तुम्ही खाली कसं येतोय ते बघायचात. त्यात तुमच्या हातून चूकही झालेली होती, आणि ती तुम्हीच आम्हाला सांगितलीत. फौजेत पोरांना शिकवताना सोळा वर्षांचा एक लांबलचक मुलगा तुम्ही गती नाही म्हणून घरी धाडला होता. तो बाविसाव्या वर्षी दुसऱ्या संघाकडून तुमच्याच पोरांना रिंगखाली उभं राहू देईना. “भात शिजायच्या आदीच मी झाकण काढलं,” तुम्ही म्हणालात. “हाडं फुडं पळत्यात, आन् हातपाय कुटवर गेल्यात ते टकुऱ्याला मागनं कळतं. उंच पोराला येळ द्याया लागतो.” आपली चूक अशी पोरांसमोर सांगणारा दुसरा मास्तर मला भेटला नाही.

आता ज्याच्यापायी हे लिहायला बसले, त्या मुलाकडं येते. मेढ्याच्या वरच्या अंगाला त्याचं गाव. वडील पाचगणीतल्या एका निवासी शाळेच्या भोजनघरात पोळ्या लाटतात, आणि तिथल्या मुलांचा खेळ जाळीबाहेरून बघत हा मोठा झाला. आज एकवीस वर्षांचा, सहा फूट दहा. आमच्याकडं आला तेव्हा धावताना स्वतःच्याच पायात पाय अडकायचे. वर्षभरात त्यानं जे केलं ते तुम्हाला दाखवायला हवं होतं, सर. पाठीवर दुसरा पहिलवान रेटत असताना तो चेंडू धरतो, आधी खांद्यावरून मागं बघतो आणि मगच वळतो. आपल्या गड्याला वाट मोकळी करून द्यायला तो मध्ये खांबासारखा उभा राहतो, टक्कर खातो आणि पडलेल्या माणसाला हात देऊन उठवतो. असं पोर दहा वर्षांत एखादं मिळतं. पण हंगामाच्या शेवटच्या महिन्यात तो मंदावला. रिंगवरून उसळलेल्या रिबाउंडला उडी मारेना, परत धावताना मागं राहू लागला. मुख्य प्रशिक्षक म्हणाले, करार मिळाला आणि पोट भरलं. मालकांच्या माणसानं विचारलं, दहापैकी किती? मीही वैतागले होते. ‘मेहनत कमी, करार वाढवू नये’ असं मी माझ्या हातानं तक्त्यात भरलं.

ते पाठवलं नाही ते केवळ तुमच्या एका सवयीमुळं. पोरगं कागदावर कापायचं नाही, तोंडावर सांगायचं, हा तुमचा नियम. सुट्टीला तो गावी गेला होता, म्हणून एका रविवारी सकाळी मी गाडी काढून मेढ्याला गेले. घरी त्याची आई नाचणीची भाकरी थापत होती. तो वरच्या शेतावर गेलाय, बसा म्हणाली. मी अंगणात उभी राहून मनात वाक्यं जुळवत होते, तेवढ्यात तो डोक्यावर गवताचा भारा घेऊन उतारावरून खाली येताना दिसला. डावा पाय तो आडवा टाकत होता. प्रत्येक पावलाला. मी जुळवलेली सगळी वाक्यं तिथंच विसरले.

“पाय कधीपासून दुखतोय?” मी विचारलं. “न्हाई म्याडम, दुखत न्हाई,” तो भारा खाली टाकायच्या आतच म्हणाला. आतून आईचा आवाज आला, “आरं, खोटं का बोलतुयास? दोन म्हैनं झालं, मिठाच्या पाण्यात पाय घालून बसतोय. मला म्हणतोय, दमलोय नुस्ता.” एवढं मोठं पोर, पण चेहरा पाटी फुटलेल्या मुलासारखा झाला होता. मग हळूच म्हणाला, “आवं म्याडम, नवा करार व्हईस्तवर कुनाला सांगू नका. दुखऱ्या पायाचं उंच पोरगं कोन ठिवतंय? गावात माज्या मागं लय पोरं खेळाया लागल्यात. मीच परत आलो तर त्यांचं काय?” मी भाकरी खाल्ली, दोन वेळा वाढून घेतली, आणि जेवून झाल्यावर त्याला गाडीत घालून साताऱ्याला डॉक्टरांकडं नेलं. डाव्या पावलाच्या हाडाला बारीक चीर निघाली. डॉक्टर म्हणाले, अशाच आणखी महिनाभर उड्या मारल्या असत्या तर हाड मोडलंच असतं, आणि मग पुन्हा खेळाचं नाव नको. परतताना गाडीत मी त्याला एवढंच सांगितलं की हे मी सांगण्यापेक्षा तू सांगितलंस तर बरं. मग त्यानं स्वतः मुख्य प्रशिक्षकांना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

त्या आठवड्यात मी त्याचे सामने पुन्हा बघितले, चेंडूकडं अजिबात न बघता. शेवटच्या महिन्यात तो प्रत्येक वेळी उजव्या पायावर उतरतोय, हे आता आंधळ्यालाही दिसलं असतं. मला आधी दिसलं नव्हतं, याची लाज वाटली. आणि सर, रिंगखाली तो हात वर करून उभा आहे, मोकळा आहे, आणि आमचे बुटके वीर त्याच्याकडं न बघता स्वतःच चेंडू मारतायत, हेही दिसलं. तरी तो पुढच्या वेळी पुन्हा तिथंच जाऊन हात वर करतोय. याला मी मेहनत कमी म्हणाले होते! मी तक्ता फाडला आणि साध्या कागदावर लिहिलं. याला आज काय येतं, काय येत नाही, पाय बरा व्हायला चार महिने लागतील आणि खेळाडू म्हणून तयार व्हायला अजून तीन वर्षं. दहापैकी किती ते लिहिलं नाही. सोबत मुख्य प्रशिक्षकांना तेच सामने माझ्या शेजारी बसवून दाखवले. ते म्हणाले, पास देणाऱ्यांशी आधी बोलावं लागेल. कचेरीत अजून खळखळ चालली होती, पण शेवटी पोराला ठेवलं.

त्याचा फोन आला तेव्हा तो रडत होता, आणि म्हणत होता, “म्याडम, तुमाला कसं कळलं वो?” मी तुमच्याबद्दल सांगितलं, सातारच्या किल्ल्याबद्दल सांगितलं. पुढचं मात्र सांगितलं नाही, ते तुम्हाला सांगते. बारावीत असताना राज्य स्पर्धेचा अंतिम सामना होता आणि त्यानंतर देशाच्या मुलींच्या संघाची निवड. माझा गुडघा त्याआधी तीन आठवडे दुखत होता. सामन्याच्या सकाळी तुम्ही लॉजच्या जिन्याखाली येऊन उभे राहिलात. तुम्ही काय बघणार ते मला ठाऊक होतं. म्हणून मी दोन मजले सरळ पाय टाकत, हसत, शेजारणीशी बोलत उतरले. रात्रभर मी त्याचाच सराव केला होता. “दुखतंय का गं कुटं?” तुम्ही विचारलंत. “नाही सर.” तिसऱ्या डावात गुडघा गेला, आणि माझा खेळ तिथंच संपला.

आठवड्यानं तुम्ही आमच्या घरी आलात. बाबांनी खुर्ची दिली, तुम्ही बसला नाहीत. टोपी हातात धरून अंगणात उभ्यानं म्हणालात, “आण्णा, चूक माजी हाय. माज्या नजरंला दिसाया पायजे हुतं.” मी आतल्या खोलीत कॉटवर पडून होते, सगळं ऐकू येत होतं. एक हाक मारली असती तरी पुरलं असतं. मी भिंतीकडं तोंड केलं. माझ्यानंतरच्या मुलींनी सांगितलं की पुढं कित्येक वर्षं तुम्ही प्रत्येकीला सामन्याआधी दोन-दोनदा जिना उतरायला लावायचात, आणि तरी तुमचं समाधान व्हायचं नाही. तुमची नजर पक्की होती, सर. तिला फसवायला मला तुमचीच शिकवण वापरावी लागली, आणि तो दोष तुम्ही मरेपर्यंत स्वतःवर घेतलात.

हे पत्र कुठं पाठवायचं? काकूही गेल्या, क्वार्टर पाडून तिथं सायकल स्टँड झालाय. मेढ्याच्या पोराला मी गाडीत बसवून खरं बोलायला लावलं आणि तो मला देव मानायला लागलाय. पण खरं सांगू? त्या सकाळी तुम्ही पुन्हा जिन्याखाली उभे असलात, अंतिम सामना समोर असला, आणि पुढं काय होणार ते सगळं मला माहीत असलं, तरी मी तशीच हसत उतरेन. तो सामना मला खेळायचाच होता. हेही मी त्या पोराला सांगितलेलं नाही.