मरळीसाठी दोरी

बा, मी बोलते आणि नात लिहून घेते. माझं बोलणं ती शाळेतल्या मराठीत बसवते, तेव्हा तुझी पोरगी पुण्याची झाली असं समजू नको. तुला तरी कुठे वाचता येत होतं म्हणा!

बोंडअळीनं लागोपाठ दोन हंगाम बीटी कपाशी पोखरली, तेव्हा नातीनं शेततळ्यात रोहू माशांचं बीज सोडलं. त्यात कुठूनशी एक शिकारी मासळी, मरळ शिरली आणि पिल्लं गिळायला लागली. जाळं ओढावं तर तळ्याचं प्लास्टिक फाटतं. माझा लेक, म्हणजे तिचा बाप, म्हणाला, "कपाशी अळीनं खाल्ली, मासे मरळीनं. तळं बुजवू न् पुन्हा पऱ्हाटीच लावू." नात ऐकेना. तिनं चकरीची गळकाठी आणली, आमिषाच्या रबरी बेडकासकट. दोरी बारीक विणलेली, अगदी वेणीसारखी. टोकाला मरळीच्या दातांसाठी जाड नायलॉनचा तुकडा. पण फेकली की चकरीवर दोरीचा गुंता, जणू चिमणीचं घरटं! सुळकन सुटावी म्हणून पोरीनं दोरीला खोबरेल चोळलं आणि मी हसून हसून बांधावर बसले. लहानपणी मीही तुझ्या तागाच्या दोरीला वेणी समजून तेल लावलं होतं. तू ओरडला होतास, "काऊन वं, मरळीचं लगन लावून राह्यली का?"

मग आठवणीत तू मला नदीवर उभी करतोस. दोरी ओल्या पोत्यावर वेटोळी करून ठेवतोस, कोरडी झाली की ती स्वतःलाच मिठी मारते म्हणतोस. पुढचा घोड्याच्या केसांचा पीळ जिथं दोरीला बांधलाय, ती गाठ हाताच्या पुढे लोंबती ठेवतोस. गळ पाण्याला टेकायच्या आत बोटानं दोरी दाबतोस, म्हणजे मागची सैल दोरी धावत येऊन गुरफटत नाही.

तेच मी नातीकडून करून घेतलं. दोरी साबणानं धुतली. मी ओलं फडकं चिमटीत धरलं आणि तिनं त्यातून ताठ ओढत चकरीवर गुंडाळली. नायलॉनची गाठ काठीच्या शेवटच्या कडीबाहेर ठेवली. बेडूक पडायच्या आधी बोट दोरीवर, मग चकरी हातानं बंद, दोरी ओढून ताठ, आणि मगच फिरवणं.

"आजी, तुले कसं ठाऊक? तू तं चकरी कधी पाह्यली नाही."

"माझ्या बाचं बोट तं पाह्यलं ना, बाई."

दोरी गुंतली नाही. सकाळभर फेकत राहिली आणि मरळ लागली. काठी कमान झाली तशी तळं बुजवणारा माझा लेक धोतर सावरत धावला, "सोडू नको वं! ढील देऊ नको!" जणू सगळं त्यानंच शिकवलं होतं.

मरळ बाहेर निघाली आणि तळं राहिलं, बा. रोहू हाताएवढे झालेत. पणजोबा तर कधीचेच गेले, मग पत्र कुठे टाकायचं, असं नात विचारते. मी म्हटलं, कुठेच नको, फडताळात राहू दे. कारण तिचा बेडूक तुझ्या गळाच्या बराच पुढे जाऊन पडतो, आणि हे तुझ्या तोंडावर सांगायची माझी अजून छाती नाही.