आईचं बायबल विरुद्ध बँक

३ फेब्रुवारी
आज पहाटे प्रार्थना केली, आईच्या दफनाला घातलेला काळा सूट चढवला आणि माँटगोमेरीला जाऊन फेडरल कोर्टात बँकेवर केस ठोकली. वकील नाही. सत्याला वकील कशाला?

लॉकरमधलं आईचं बायबल बँकेने हरवलं. पहिल्या पानावर आम्हा सगळ्यांचे जन्म, तिच्या अक्षरात. ईस्टरला थोरल्या बहिणीच्या, व्हर्डेलच्या नातीचा बाप्तिस्मा. तिचं नाव त्याच पानावर हवं. व्हर्डेल मला म्हणते, तूच हरवलंस.

भरपाई लाख डॉलर लिहिली. किरकोळ रकमेला हे कोर्ट दारात उभं करत नाही. ओझेला, माझी बायको, म्हणाली, आई असती तर या आकड्यासाठी तुला चोपलं असतं.

१० फेब्रुवारी
संकल्प : रोज एक तास कायदा वाचणे.

११ फेब्रुवारी
चष्मा सापडला नाही.

२० फेब्रुवारी
कोर्टातल्या मिसेस टिडवेलना विचारलं, केस भक्कम आहे ना? म्हणाल्या, आम्हाला सल्ला देता येत नाही. ‘नाही’ म्हणाल्या नाहीत.

१४ मार्च
बँकेच्या वकिलाचं पत्र. सोबत लॉकर-रजिस्टरची नक्कल. शेवटची नोंद ९ ऑक्टोबर, सकाळी ९.१०. सही हुबेहूब माझी. किती सफाईदार बनावट! आईच्या दफनाच्या सकाळी मी बँकेत कशाला जाईन?

१५ मार्च
ओझेला म्हणते, त्या सकाळी तासभर तू कुठे होतास? शवपेटी बंद करायला सगळे खोळंबले होते. मी म्हटलं, फुलं आणायला गेलो होतो. म्हणाली, फुलं मी आणली.

१६ मार्च, रविवार
चर्चमध्ये डोळे मिटले तर आईचे हात दिसले. हातांखाली काहीतरी काळं. चर्चचं बायबल असणार.

१७ मार्च
पास्टरांना सहज विचारलं. चर्चची सगळी बायबलं जागेवर आहेत.

१९ मार्च
तोच सूट. केस मागे घेतल्याचा कागद दिला. मिसेस टिडवेल म्हणाल्या, कारण लिहायची सक्ती नाही.

तिथून व्हर्डेलकडे. ती मासे तळत होती. सांगितलं : मृत्यूची तारीख लिहायला मीच बायबल काढलं होतं. हात चालला नाही. म्हणून शवपेटीत तिच्या हातांखालीच ठेवलं.

तिने आधी गॅस बंद केला. मग म्हणाली, “आणि पाच महिने मला ते शोधायला लावलंस, गाढवा?”

नंतर नवं बायबल पुढे ठेवलं. नातीच्या आधी आईचं नाव हवं, म्हणाली. मी जन्म लिहिला. मग दुसरी तारीखही लिहिली.